तेहतीस इंची

चाकं धुळ्याहून आली,
ट्रकात, केळीच्या रिकाम्या क्रेटांवर आडवी.
लोटन मिस्तरीनं मडगार्ड कापलं
आणि कापलेला तुकडा हातात देत म्हणाला,
"हाऊ पत्रा घर लई जाय भो, तवा बनाड."

आता गाडीत चढायला
गुडघा छातीपर्यंत येतो.
आई चढतच नाही. म्हणते,
बाजारात जायचंय मला,
घोडीवर बसून मिरवायचं नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती,
की मोठं चाक काट्याला खोटं बोलायला लावतं.
काटा म्हणतो चाळीस,
बाहेर बाभळी मागे पळतात सत्तेचाळीसनं.

जानेवारीचा तो आठवडा.
रावेरकडं केळीला चरका बसलेला,
आमच्या गल्लीत टायर जाळून शेकत होते लोक,
जुने, बारीक टायर.
त्यात माझे चार.
मीही हात शेकले.

कुणीतरी डाबचा फोटो धाडला:
गवतावर बर्फ.
मे महिन्यात जिथं डांबर चपलेला धरून ठेवतं
त्या आपल्या जिल्ह्यात, बर्फ.
शहाद्याहून साडेतीनला निघालो, एकटाच.

अक्कलकुव्याला हवा तपासली.
थंडीनं टायरही अंग चोरतात,
रात्रीतून चार पौंड उतरले होते.
पंपावरचा पोरगा कानटोपीतून म्हणाला,
"ट्रॅक्टरना शेतस का?"

देवगोईचा घाट. धुकं.
दर वळणाला डावं चाक आतून पत्र्याला घासायचं,
खर्र,
म्हातारं कुत्रं झोपेत गुरगुरतं तसं.
स्टेअरिंग जड, बोटं बधिर,
छाती मात्र चाकांइतकीच रुंद.

मग डाबच्या अलीकडं तो फरशी पूल.
सिमेंटवर दव,
दव कसलं, दवाचं हाड.
मी ब्रेक दाबला.
चाकं थांबली.
गाडी नाही थांबली.
तिला घाईही नव्हती,
म्हैस डबक्यात शिरते तशी
निवांत आडवी होत गेली.
आणि काटा शून्यावर!
इतकं मोठं खोटं तो पहिल्यांदाच बोलला.

कडेच्या दगडाला टेकून राहिली.
खाली नाला. वरच्या पाड्यावर कोंबडा.
माझ्या तोंडातून वाफ, इंजिनातून वाफ.

मागून वडाप आली, सायसिंग वसावेची.
आत चौदा, टपावर घोंगडीत तिघं,
टायर बारीक, गुळगुळीत.
पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता
पूल ओलांडून गेली
बैल ओळखीच्या बांधावरून जातो तशी.

पलीकडं थांबवून तो चालत आला.
चाकावर पंजा ठेवून पाहिलं.
"रुंद आहे. वर तरंगतं. टोचत नाही कुठं."
मग, "कितला लागनात?"
मी अर्धीच किंमत सांगितली.
"एवढ्यात माझी जीप आली होती," म्हणाला,
टोमणा नव्हता त्यात,
हिशोब जुळतो का बघत होता.

पाड्यावरून एक बाई टोपलं घेऊन उतरली.
चुलीतली राख, अजून कोमट.
चारही चाकांपुढं पसरली तिनं,
कणगीखाली धान्य सांडू नये
तेवढी जपून.
काही बोलली नाही. हात झटकून वर निघून गेली.
तिचं नाव विचारायचं राहिलंच.

पहिला गिअर.
राखेखाली काहीतरी कुरकुरलं
आणि चाकानं, त्या महागड्या चाकानं,
जमीन धरली.

डाबला पोचलो तोवर ऊन आलं होतं.
गवत नुसतं ओलं.
फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

गाडी धुणारा पोरगा म्हणाला,
खाचांत सिमेंट अडकलंय, खरवडू का?
राहू दे म्हटलं.
चार दिवसांत आपोआप गेलं ते.

रविवारी आईनं घरातून पाट आणला,
दारात ठेवला, त्यावरून चढली,
पाट उचलून मांडीवर घेतला.
चल, म्हणाली.
काटा तीसवर.
मी मनात पाच मिळवले
आणि पाय जरा उचलला.